विठ्ठल दळायला बसतो तेव्हा

गंगाखेडची जनी तेराव्या शतकात पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबली. पहाटेचं दळण सरेना, तेव्हा विठ्ठल स्वतः येऊन जात्याच्या खुंट्याला हात लावून बसला, अशी तिची कथा महाराष्ट्रातल्या घराघरांत सांगितली जाते. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचं म्हणून एक जातं आजही दाखवतात. देवाने भक्तासाठी राजवाडे उभारल्याच्या कथा पुष्कळ आहेत. मला मात्र ही कथा सर्वांत मोठी वाटते, कारण इथे देव येतो तो कामाला हातभार लावायला. ती रचणाऱ्यांना दळणाचं ओझं पक्कं ठाऊक असणार.

बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, म्हणून दळण रोजच्या रोज. खाली तळी, वर पाळी, पाळीच्या तोंडात एका हाताने मूठमूठ दाणे सोडायचे आणि दुसऱ्या हाताने खुंटा ओढायचा. दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची. मोठ्या कुटुंबाला पुरेल इतकं पीठ पडायला तास-दोन तास सहज जात, तेही कोंबडा आरवायच्या आधी. मग पाणी, शेण, चूल, भाकरी आणि दिवस उजाडल्यावर शेत. या कष्टांचे गोडवे गावेत असं मला मुळीच वाटत नाही. पिठाची गिरणी गावात आली आणि बायकांच्या खांद्यांची सुटका झाली, हे फार चांगलं झालं.

पण त्या अंधाऱ्या वेळेत बायकांनी जे घडवलं, त्याला तोड नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरी त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, 1290 साली आली. म्हणजे ज्या छंदात मराठीचा सर्वांत थोर ग्रंथ उभा राहिला, तो बायकांच्या मुसळाजवळ आधीच नांदत होता!

ओवी गायला वेगळा वेळ काढावा लागत नसे. पाळीच्या फेऱ्यावर चाल बसते, श्वासावर ओळ तुटते. समोरासमोर बसलेल्या दोघी जावा किंवा नणंद-भावजय एकच खुंटा धरत. एकीने ओळ टाकली की दुसरी उचलायची. दिवसभर जिला वर मान करून बोलायची सोय नव्हती, ती सासुरवाशीण या घरघरीच्या आडोशाने सगळं बोलून घ्यायची. भाऊ न्यायला येईल का, आईच्या दारात तुळस कशी असेल, लेकीला कसं घर मिळेल, सीतेला वनवास का भोगावा लागला. सीतेच्या नावाने तिने स्वतःचीही कैफियत मांडली. आणि तिथेच पाळण्यातल्या लेकराचं कौतुक, भावाच्या पागोट्याचा डौल, पंढरीच्या वाटेवरची धूळ, पहिल्या पावसाचा वास. दुःख संपल्यावर आनंद येईल, अशी वाट बघायला तिला सवडच नव्हती. एकाच घासात दोन्ही दळलं जाई.

मराठवाड्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी याच चालीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या ओव्या रचल्या. ज्यांच्या वाट्याला गरिबीबरोबर जातीचा जाचही आला, त्यांच्या ओवीत आंबेडकर घरच्या माणसासारखे येतात. तो अभिमान ऐकताना अंगावर काटा येतो.

हे धन वाऱ्यावर गेलं नाही, याचं श्रेय काही माणसांच्या चिकाटीला आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या संकलित केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे खंडच्या खंड सिद्ध केले. पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाच्या साथीने सुमारे 120 तासांचं ध्वनिमुद्रण झालं. 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने हा ठेवा इंटरनेटवर खुला करायला सुरुवात केली. लिहिता-वाचता न येणाऱ्या कितीतरी बायांची नावं तिथे कवी म्हणून, गावासकट नोंदलेली आहेत. ज्यांचं नाव सातबाऱ्यावर कधी लागलं नाही, त्यांच्यासाठी हे किती मोलाचं!

या दिवाळीत भाजणी गिरणीतून दळून येईलच. घरात सत्तरी-ऐंशीची आजी असेल, तर तिला ओव्या विचारा. नुसतं ‘म्हणून दाखव’ म्हटलं तर पुष्कळदा आठवत नाहीत. अडगळीतलं जातं पुसून समोर मांडा, मूठभर दाणे घाला, तिचा हात खुंट्यावर ठेवा आणि समोर तुम्ही बसा. मोबाइलवर आवाज टिपून घ्या. ओवीत माहेरचं गाव येईल, भावाचं नाव येईल, तेही विचारून लिहून ठेवा. चूक दुरुस्त करायला जाऊ नका. तिने जशी म्हटली, तशीच ती खरी ओवी.