सूर्यास्त कोणी पळवला?

१८८४च्या सप्टेंबरात मुंबईतल्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या वतीने एक अर्ज तयार झाला. त्यामागे होते नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. मागण्या आज वाचताना साध्या वाटतात: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत.

या ‘सूर्यास्ता’पाशी मी दरवेळी थबकतो. सहा वाजता नाही, सात वाजता नाही, सूर्यास्ताला. म्हणजे सुट्टीचं घड्याळ चक्क आभाळात टांगलेलं! मुंबईत जूनमधला सर्वांत मोठा दिवस डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसाहून सुमारे सव्वादोन तासांनी मोठा. कामाचा दिवसही तसाच ताणायचा आणि आक्रसायचा. मालकाला कितीही घाई असो, अंधारात तुटलेला धागा दिसत नाही. त्यामुळे साचे, म्हणजे माग, थांबायचे.

साप्ताहिक सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. रविवार हा खंडोबाचा वार, हे लोखंड्यांचं म्हणणं. साहेबाला चर्च आणि कामगाराला खंडोबा, दोघांचं एका वारावर जमलं! पण रोजची संध्याकाळ मात्र पुढे हातची गेली. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि काम चौदा-पंधरा तासांवर गेलं. दिवा लावणाऱ्याने कुणाचा दिवस वाढवायचा म्हणून दिवा लावला नसेल, पण ‘आता दिसत नाही’ हे थांबण्याचं कारणच नाहीसं झालं. पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा कायद्यात आली १९११मध्ये. सूर्याने फुकट दिलेली कुंपणरेषा माणसांना कागदावर पुन्हा आखावी लागली, तीही आधीपेक्षा फारशी उदार नव्हे.

याच काळातली एक गंमत. १९०८च्या सरकारी फॅक्टरी कमिशनने तक्रार नोंदवली की इथला कामगार मधेच उठून बाहेर जातो, विडी ओढतो, आंघोळ करतो, रेंगाळतो. आजच्या ‘हल्लीच्या पोरांना काम नको’ या सुराशी हे किती जुळतं! तो कामगार कोकणातून, देशावरून आलेला. गावी कामाला वेळ नसते, काम असतं. गाय व्याली तर मध्यरात्री उठायचं, पेरणी संपली की पारावर बसायचं. त्याच्या लेखी पंधरा तास सलग यंत्रापुढे उभं राहणं हाच वेडेपणा होता. त्याला शिस्त लावायला घड्याळ, मस्टर आणि भोंगा आला. त्याची मुलं-नातवंडं भोंग्यावरच उठायला शिकली. पण भोंग्याला दुसरी बाजूही होती. तो जसा बोलवायचा तसा सोडायचाही. पाळी सुटली की सुटली. साचा काही कुणाच्या पाठीवर बसून चाळीत येत नसे.

आताचं यंत्र नेमकं तेच करतं. १९९९मध्ये कमरेला लावायचा ब्लॅकबेरी आला, तो पेजरच्या आकाराचा आणि ईमेल दाखवणारा. खरं तर ईमेलची खुबी ही की दोन माणसं एकाच वेळी हजर नसली तरी चालतं. तुम्ही पाठवा, मी सवडीने वाचेन. मोकळीक देणारीच चीज ती! खिशात गेल्यावर तिचा स्वभाव बदलला. नोव्हेंबर २०१४मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका आल्या आणि ‘वाचलं की नाही’ हेही समोरच्याला कळू लागलं. माझ्या मते निळी टिक म्हणजे मस्टरवरची सही, आणि ती केल्यावाचून सुटका अवघड.

बरं, रात्री निरोप आलाच नाही तरी तो काम करतो. अमेरिकेतले विल्यम बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१८च्या अभ्यासात दिसलं की ‘मेल बघणं अपेक्षित आहे’ एवढी जाणीवही माणसाची चिंता वाढवते, आणि घरात जोडीदाराचीही. वाजलेल्या फोनपेक्षा वाजू शकणारा फोन! भोंग्याची अशी धास्ती घरच्यांना नव्हती, कारण तो कधी वाजणार हे अख्ख्या गिरणगावाला ठाऊक होतं.

एकाच ऑफिसात रात्री नऊचा तोच निरोप तीन माणसं तीन तऱ्हांनी वाचतात. अठ्ठावन्न वर्षांच्या साहेबांना वाटतं, काहीतरी बिघडलंय. त्यांच्या उमेदीत ऑफिसातून घरी फोन म्हणजे टाकी फुटली किंवा माणूस गेला. चाळिशीतल्या बाईंना तो हुकूम वाटतो, कारण कमरेचा ब्लॅकबेरी त्यांच्यासाठी बढतीची खूण होता. पंचविशीतला पोरगा उद्या वाचू म्हणून झोपतो, कारण फोन त्याला नोकरीच्या कितीतरी आधी मिळालाय आणि आवाज बंद करणं ही त्याची पहिली विद्या. पिढ्यांची लेबलं लावून कामाच्या सवयी ठरवता येतात याला भक्कम आधार नाही, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादम्यांचा २०२०चा अहवालही सांगतो. मला तर वाटतं, सवय वयातून कमी आणि पहिल्या नोकरीत हाती आलेल्या यंत्रातून जास्त येते.

नवी कुंपणं घालणं चालू आहे. फोक्सवागनने २०११मध्ये जर्मनीतल्या काही कर्मचाऱ्यांच्या फोनवर पाळी सुटल्यानंतर अर्ध्या तासाने मेल पोचणंच थांबवलं, पुढच्या पाळीआधी अर्धा तास पुन्हा सुरू. म्हणजे बिनआवाजाचा भोंगाच. फ्रान्समध्ये कामाबाहेर संपर्क नाकारण्याचा हक्क १ जानेवारी २०१७पासून कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये आणि पुन्हा २०२५मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं. कायदा झालेला नाही.

माझी भाची लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या ऑफिसात जाते. परवा रविवारी रात्री जेवताना तिला कामातलं काहीतरी आठवलं. उष्ट्या हाताने फोन धरता येईना म्हणून डाव्या हाताने मेल लिहिला. पाठवायच्या बटणाशी थांबली, वेळ टाकली: सोमवार, सकाळी साडेनऊ. मग आमटी वाढून घेतली.