आकृती झाका, मग काढा!

सकाळची वेळ. नांदगाव तिठ्यावर तुम्ही कणकवलीच्या एसटीची वाट बघत उभे आहात. हातात एनसीईआरटीचं बायोलॉजी, समोर हृदयाची आकृती. गाडी येईपर्यंत ती तीनदा बघून होते. एट्रियम, व्हेंट्रिकल, व्हॉल्व्ह... सगळं ओळखीचं. ‘झाली ही आकृती’ म्हणत पुस्तक बॅगेत जातं.

आता एक करा. कॉलेजात पोचलात की वहीचं मागचं पान उघडा आणि तीच आकृती न बघता काढा. एसए नोड कुठे दाखवणार? कागदाच्या डाव्या बाजूला की उजव्या?

पेन थांबलं ना? ‘नीट’मध्ये आपले मार्क जातात ते नेमके इथेच. ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं.

(उत्तर: एसए नोड उजव्या एट्रियमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात असतो. पण आकृतीतलं हृदय समोरच्या माणसाचं असतं. त्याची उजवी बाजू म्हणजे कागदावर आपली डावी!)

बोर्डाची सवय, ‘नीट’चा प्रश्न

बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. सुबक, नामनिर्देशित आकृती काढण्यात आपला हात कुणी धरू शकत नाही. टोकदार पेन्सिल, पट्टीने मारलेल्या रेघा, एका बाजूला नीटनेटकी नावं. पण ‘नीट’ आकृती काढायला सांगतच नाही. ती तयार आकृती पुढे ठेवते, भागांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं देते आणि विचारते, यातलं नेमकं काम कुणाचं? किंवा चार जोड्या देते आणि चुकीची ओळखायला सांगते.

२०२५च्या परीक्षेपासून ऐच्छिक प्रश्न गेले. १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. त्यात बायोलॉजीचे ९० प्रश्न, म्हणजे निम्मे ३६० गुण. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. म्हणजे येणारा प्रश्न चुकला की फरक पाच गुणांचा पडतो. शिवाय फिजिक्सला वेळ उरवायचा तर बायोलॉजीच्या एका प्रश्नाला मिनिटभरही देता येत नाही. तिथे आकृती आठवत बसायला सवड नसते, ती डोळ्यांपुढे यावी लागते.

कोरा कागद, पाच मिनिटं

पद्धत साधी आहे. आकृती एकदा लक्ष देऊन बघा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर काढा. सुबक नको, वेडीवाकडी चालेल. पाच मिनिटं झाली की पुस्तक उघडा आणि लाल पेनाने चुका दाखवा. जे राहिलं, जे उलटं झालं, तेवढंच पुन्हा वाचा.

हे नुसतं सरांचं सांगणं नाही. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तेच पुन्हा पुन्हा वाचलं, काहींनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. प्रयोग उताऱ्यांवर होता, पण धडा आकृत्यांनाही लागू पडतो. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, महिन्यांनी असते.

बाणाला प्रश्न विचारा

आकृती काढता आली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे तिला प्रश्न विचारणं. तीन पुरेत: हे कुठून कुठे जातं? याच्या शेजारी काय आहे? हे बंद पडलं तर?

नेफ्रॉन घ्या. हेन्लेच्या लूपची उतरती बाजू पाणी बाहेर जाऊ देते, क्षार जवळजवळ नाही. चढती बाजू नेमकी उलटी: क्षार जातात, पाणी नाही. नुसतं ‘लूप ऑफ हेन्ले’ असं नाव लिहून हे कळत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना बाण काढा आणि प्रत्येक बाणावर ‘पाणी’ की ‘क्षार’ ते लिहा.

सार्कोमिअर घ्या. स्नायू आकुंचन पावताना कुठला पट्टा लहान होतो? शिथिल आणि आकुंचित अशा दोन आकृत्या एकाखाली एक काढा. आय बँड आणि एच झोन आखडतात, ए बँड तेवढाच राहतो. पाठ करायची गरजच उरत नाही, दिसतं ते.

पीबीआर३२२ घ्या. बॅम एचआयच्या जागी परका जीन घुसवला तर कुठल्या अँटिबायोटिकचा प्रतिकार जाईल? टेट्रासायक्लिनचा. अँपिसिलिनचा तसाच राहतो. गोल काढून त्यावर या जागा मांडल्या असतील तर उत्तर पाच सेकंदांत येतं.

आवारातलं पुस्तक

आता आपल्या फायद्याचं. मोठ्या शहरातल्या क्लासमधली मुलं फळाचा छेद कागदावर बघतात. तुमच्याकडे तो ताटात येतो. नीटची तयारी आणि हापूसचा हंगाम एकाच वेळी, ही तक्रार समजू नका. आंब्याची साल एपिकार्प, गर मीझोकार्प, बाठ्याचं कठीण कवच एंडोकार्प. नारळही त्याच प्रकारचं फळ, ड्रूप. फक्त त्याचं मीझोकार्प म्हणजे सोडण, आणि करवंटी म्हणजे एंडोकार्प. शहाळ्याचं पाणी म्हणजे हजारो केंद्रकं असलेलं फ्री न्यूक्लिअर एंडोस्पर्म, भोवतीचं पांढरं खोबरं सेल्युलर एंडोस्पर्म. एकदा सुरीने कापून, शेजारी कागद ठेवून नावं लिहा. आजी विचारेलच, ‘रे, आंबो खातंस की चिरफाड करतंस?’ तिलाच समजावून सांगा. तिला कळलं तर तुम्हालाही कळलंय.

काजूचं बोंड एनसीईआरटीने सफरचंद, स्ट्रॉबेरीसोबत ‘फॉल्स फ्रूट’मध्ये घातलंय. आपण जिला ‘बी’ म्हणतो, तेच खरं फळ. दारची जास्वंद उलगडून बघा: पाकळ्या एकमेकींवर पिळल्यासारख्या, पुंकेसरांची एकच नळी, त्यातून वर आलेला कुक्षीवृंत. अंडाशय आडवा कापलात तर अॅक्झाइल प्लॅसेंटेशन दिसेल. बाजारातून आणलेला बांगडा साफ करताना कल्ल्यांच्या मागे हृदय शोधा. त्यात दोनच कप्पे, बेडकाला तीन, आपल्याला चार. बेडूक मात्र पुस्तकातच बघायचा. इंडियन बुलफ्रॉगला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

यादी पंचवीसची

सगळ्याच आकृत्यांच्या मागे लागू नका. आधी पंचवीस निवडा: हृदय आणि ईसीजी, नेफ्रॉन, सार्कोमिअर, बीजांड आणि सात पेशी-आठ केंद्रकांचा भ्रूणकोश, मासिक पाळीतल्या हार्मोन्सचे आलेख, मिओसिसचे टप्पे, रेप्लिकेशन फोर्क, लॅक ओपेरॉन, अँटिबॉडी, खोड-मुळांचे छेद, क्लोरोप्लास्ट. उरलेल्या स्वतःच्या चुका बघून घाला. रोज तीन काढल्या तर नवव्या दिवशी एक फेरी पूर्ण होते. जी चुकली ती दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने पुन्हा. दोनदा लागोपाठ बरोबर आली की तिला सुट्टी द्या. लाल पेनाचे कागद फेकू नका. शेवटच्या आठवड्यात तीच तुमची सगळ्यात कामाची नोट्स.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात असाल तर आणखी एक गोष्ट. ‘वृक्क’ आणि ‘किडनी’ एकच, हे लगेच कळतं. पण सगळेच शब्द असे पटकन जुळत नाहीत. आकृतीत एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी नाव लिहा. ‘नीट’ मराठीतूनही देता येते, पण भाषा फॉर्म भरतानाच निवडावी लागते. भाषांतरात घोळ झाला तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. दोन्ही नावं ओळखीची असलेली बरी.

ओरोसला २०२१मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, १०० जागांचं. त्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना सरकारी कॉलेजातून डॉक्टर व्हायचं तर बॅग भरून बाहेर पडावं लागायचं. आता ते कणकवलीच्या पुढे आहे. पण जागा आपल्या जिल्ह्यात असल्या तरी चुरस अख्ख्या राज्याशी आहे. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात, बाकीच्या राज्याच्या. नांदगावचा म्हणून कुणी एक गुण जास्त देणार नाही.

उद्या तिठ्यावर गाडीची वाट बघताना पुस्तक उघडू नका. डोळे मिटा आणि एसए नोडपासून सुरुवात करा. जिथे अडाल, आजचा अभ्यास तिथून.