निर्वासितांच्या हातातला मोबाइल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज : ज्याच्याकडे स्मार्टफोन आहे, त्याला मदतीची काय गरज?

२०१५ मध्ये तुर्कस्तानातून रबरी बोटींनी ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर उतरणाऱ्या सीरियन कुटुंबांची छायाचित्रं जगभर छापून आली आणि अनेकांचं लक्ष गेलं ते त्यांच्या हातातल्या मोबाइलकडे. एवढे चांगले फोन बाळगणारे हे कसले निर्वासित, असा प्रश्न तेव्हा सर्रास विचारला गेला. पण बॉम्ब काही गरिबांचीच घरं शोधून पडत नाहीत. पळून आलेल्यांत शिक्षक होते, डॉक्टर होते, दुकानदार होते. घर सोडताना खिशात मावणारी सगळ्यात उपयोगी वस्तू त्यांनी सोबत घेतली. भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर तटरक्षकांना ठिकाण कळवायचं ते फोनवरून, मागे राहिलेल्या आईला खुशाली कळवायची ती फोनवरून. पदवीचं प्रमाणपत्र नि घराचे कागद यांचे फोटोही त्यातच.

शिवाय असा फोन सगळ्यांकडे नव्हताच. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने, म्हणजे यूएनएचसीआरने, २०१६ मध्ये जगभरची पाहणी मांडली. इतर लोकांच्या तुलनेत निर्वासितांकडे इंटरनेटचा फोन असण्याचं प्रमाण निम्मंच भरलं. २९ टक्के कुटुंबांत एकही फोन नव्हता. ज्यांच्याकडे होता, त्यांच्यातले कितीतरी जण हातातल्या रोख पैशांपैकी एक तृतीयांशापर्यंत रक्कम संपर्कात राहण्यावर खर्च करत होते. पोटाला चिमटा काढून रिचार्ज करणाऱ्यांना फोन असण्यावरून टोमणे मारणं मला क्रूर वाटतं.

गैरसमज : ॲप आलं की वशिला संपतो, सगळ्यांना सारखी संधी मिळते.

मेक्सिकोच्या सीमेवर आश्रय मागायला येणाऱ्यांना अमेरिकेने जानेवारी २०२३ पासून ‘सीबीपी वन’ या मोबाइल ॲपवर वेळ घ्यायला सांगितलं. पुलावर उन्हातान्हात रांगा नकोत, सगळं सुरळीत व्हावं, ही कल्पना वाईट नव्हती. पण ॲपच्या भाषा तीनच : इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतीची क्रिओल. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या, फक्त माया भाषा बोलणाऱ्या बाईने कुठे जायचं? फोनचं लोकेशन मेक्सिकोच्या ठरावीक भागातलंच हवं. मग प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा. काळ्या वर्णाच्या हैतीयन लोकांचे चेहरे ॲप टिपतच नाही, अशा तक्रारी ठिकठिकाणाहून आल्या.

सुरुवातीच्या महिन्यांत रोजच्या वेळा सकाळी एकदम खुल्या होत आणि काही मिनिटांत संपत. तिहुआना, माटामोरोस अशा शहरांतल्या निवाऱ्यांत एकाच वाय-फायवर घरंच्या घरं फोन घेऊन बसलेली असत. आपल्याकडे तत्काळ तिकिटासाठी घड्याळाकडे डोळे लावून बसणाऱ्यांना हा ताण कळेल. फक्त तिथे तिकीट हुकलं, तर अपहरण करणाऱ्या टोळ्यांच्या शहरात आणखी एक रात्र. घरातल्या सगळ्यांसाठी एकत्र वेळ मिळेना, तेव्हा आधी कोणी जायचं आणि कोणी मागे राहायचं, हे ठरवण्याची पाळी कुटुंबांवर आली.

पुढे पद्धत सुधारली. वेळ मागायला जास्त अवधी मिळू लागला, जास्त दिवस थांबलेल्यांसाठी काही वेळा राखून ठेवल्या गेल्या आणि रोजच्या जागा १,४५० झाल्या. एकूण नऊ लाखांहून अधिक लोकांना वेळ मिळाली. हा आकडा मोठा आहे आणि त्याचं श्रेय ॲपला द्यायलाच हवं. पण २० जानेवारी २०२५ रोजी नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी झाला आणि काही मिनिटांतच ही सोय बंद पडली. हातात असलेल्या सुमारे ३०,००० वेळा रद्द झाल्या. मार्चमध्ये त्याच ॲपचं नाव ‘सीबीपी होम’ झालं आणि आपण स्वतःहून देश सोडत असल्याचं कळवण्याची सोय त्यात आली. एकच दार ठेवलं की ते बंद करायला एक बटण पुरतं, आणि ते बटण दाराबाहेर उभ्या असलेल्यांच्या हातात कधीच नसतं.

गैरसमज : भाषांतराचं ॲप असताना दुभाषा कशाला?

अमेरिकेतच एका अफगाण बाईचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला. मुलाखतीत तिने एका प्रसंगातून आपण एकटीच निभावल्याचं सांगितलं होतं. लेखी अर्जात मात्र इतरही लोक असल्यासारखं दिसत होतं. अर्जाचं पश्तोतून भाषांतर यंत्राने केलं होतं आणि ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ घातलं होतं. न्यायालयाला ती विसंगती वाटली. दवाखान्याचा पत्ता विचारायला यंत्र खुशाल वापरावं. जिथे माणसाचं आयुष्य एका जबानीवर ठरतं, तिथे समोर माणूसच हवा.

गैरसमज : डोळे स्कॅन केले की मदत थेट गरजूच्या हाती, काळजीचं कारण उरत नाही.

जॉर्डनच्या झातारी छावणीत अनेक वर्षं सुमारे ८०,००० सीरियन लोकांची वस्ती होती. २०१६ पासून तिथल्या सुपरमार्केटमध्ये बाई तांदूळ-तेल घेऊन गल्ल्यावर येते, यंत्राकडे क्षणभर पाहते आणि पैसे तिच्या खात्यातून वळते होतात. कार्ड हरवण्याची भीती नाही, कुणी हिसकावून घेण्याचीही नाही. हा फायदा खरा आहे.

पण माहिती एकदा दिली की ती कुठवर जाते? बांगलादेशात यूएनएचसीआर आणि सरकारने मिळून म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांची नोंदणी केली, बोटांचे ठसे घेतले. त्यातून मिळणाऱ्या कार्डावर मदत अवलंबून होती, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. ही माहिती सरकारने म्यानमारला दिल्याचं ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२१ मध्ये उघड केलं. किमान ८,३०,००० नावं. ज्या राजवटीपासून जीव वाचवून पळाले, तिच्याच हाती! लोकांना नीट समजावून संमती घेतली होती, असं यूएनएचसीआरचं म्हणणं. आपल्याला असं काही सांगितलंच नव्हतं, असं मुलाखती दिलेल्या बहुतेक रोहिंग्यांचं.

गैरसमज : एवढे धोके असतील, तर त्यांना इंटरनेटपासून दूर ठेवलेलंच बरं.

हेही करून झालं आहे. सुरक्षेचं कारण देऊन बांगलादेशने सप्टेंबर २०१९ मध्ये कॉक्स बझारमधल्या रोहिंग्यांच्या छावण्यांतलं ३जी-४जी बंद केलं, ते ऑगस्ट २०२० च्या अखेरीपर्यंत. मधे करोना आला. लाखो माणसं ताडपत्री-बांबूच्या झोपड्यांत एकमेकांना खेटून राहत होती आणि रोगाची माहिती द्यायला मदतनीसांना लाउडस्पीकर घेऊन गल्ल्यांतून फिरावं लागलं. अफवांना तेवढं मोकळं रान मिळालं. त्यातच तेव्हा राष्ट्रीय ओळखपत्राशिवाय सिम मिळत नसल्यामुळे तिथे बहुतेकांचं सिम दुसऱ्याच्या नावावर होतं. युगांडातही कागदपत्रांची अशीच अडचण होती. तिथल्या दूरसंचार नियामकाने २०१९ मध्ये निर्वासितांच्या ओळखपत्रावर किंवा नोंदणीच्या पत्रावर सिम देण्याची परवानगी कंपन्यांना दिली.