खाकीची खबरबात: सोळाशे मीटर, सव्वासात किलो आणि नळदुर्ग

पाच मिनिटं दहा सेकंद. धाराशिव जिल्ह्यात भरतीची तयारी करणाऱ्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, हा आकडा तो न अडखळता सांगेल. पोलीस शिपाई भरतीत पुरुषांनी १६०० मीटर एवढ्या वेळात काढले की २० पैकी २० गुण. हिशेब मांडला तर दर १०० मीटरला १९.४ सेकंद, आणि असे सोळा तुकडे सलग, मध्ये दम न खाता. मुलींना ८०० मीटर असतात आणि पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद. भल्या पहाटे उमरगा, कळंब, भूम, वाशीच्या रस्त्यांवर मोबाइलच्या उजेडात पळणारी पोरं दिसतात, ती या सेकंदांच्या मागे असतात.

गोळा ऑलिम्पिकचाच

मैदानी चाचणीत मुलांना मिळणारा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा आणि मुलींचा ४ किलोचा. ऑलिम्पिकमध्येही याच वजनाचे गोळे वापरतात! मुलांनी साडेआठ मीटर आणि मुलींनी सहा मीटर फेकला की १५ पैकी १५. नवखा पोरगा गोळा चेंडूसारखा मागून भिरकावतो आणि खांदा दुखवून घेतो. जाणकार मात्र तो बोटांच्या मुळाशी धरतो, मानेला हनुवटीखाली चिकटवतो, गुडघ्यात वाकतो आणि पायातला जोर कमरेतून वर आणत ढकलतो. गोळा फेकायचा नसतो, ढकलायचा असतो, हे ज्याला आधी उमगलं त्याचे दोन-तीन गुण तिथेच वाढले. एकेका गुणावर मेरिट हलतं, तिथे दोन-तीन गुण म्हणजे पुष्कळ.

सकाळी उंच, संध्याकाळी बुटके

मुलांना १६५ सेंटिमीटर आणि मुलींना १५५ सेंटिमीटर उंची लागते. गंमत म्हणजे माणूस सकाळी उठतो तेव्हा साधारण एक सेंटिमीटर जास्त उंच असतो. दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत तेवढी उंची घटते. काठावरच्या उमेदवारांनी हे ध्यानात ठेवावं. मुलांची छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर आणि फुगवल्यावर किमान पाच सेंटिमीटर जास्त भरावी लागते.

वर्दीने घडवलेला धावपटू

पळता येतं म्हणून वर्दी मिळवणारे पुष्कळ. शेजारच्या बीड जिल्ह्यात, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं उलटं झालं. बारावीनंतर तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला आणि खरा धावपटू झाला तो त्यानंतर. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिम्पिकमध्ये तो ३००० मीटर स्टीपलचेस धावला. आपल्या जिल्ह्याचा खेळ म्हणाल तर खो-खो. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, तेव्हा खो-खोच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलींनी प्रमाणपत्रं जपून ठेवावीत.

किल्लारीचा दाखला

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लोहारा आणि उमरगा तालुक्यांतली गावं भुईसपाट झाली. भूकंपग्रस्त कुटुंबांसाठी सरकारी भरतीत २ टक्के समांतर आरक्षण आहे. सास्तूरसारख्या गावातला जो मुलगा भूकंपानंतर बारा-तेरा वर्षांनी जन्मला, त्याच्या कागदांच्या पिशवीत आज भूकंपग्रस्ताचा दाखला असू शकतो.

होमगार्डमध्ये तीन वर्षं काढलेल्यांनाही ५ टक्के जागा आहेत. नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीत आणि कोजागरीला सोलापूरहून पायी येणाऱ्या भाविकांच्या रस्त्यावर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोरांतले काही हाच हिशेब मनात धरून असतात. होमगार्डची सुरुवात आपल्याच राज्यातली: मुंबई, ६ डिसेंबर १९४६.

नळदुर्ग आणि अशोकचक्र

ही गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी. १३ सप्टेंबर १९४८ ला निजामाविरुद्धच्या कारवाईला सुरुवात झाली आणि सोलापूरहून निघालेल्या फौजेची पहिली मोठी गाठ पडली ती नळदुर्गजवळ. दुसऱ्या शीख पलटणीचा हवालदार बचित्तरसिंग तिथे आपली तुकडी घेऊन पुढे होता. मांडीत गोळ्या घुसल्या, उभं राहता येईना, तरी तो सरपटत गेला आणि हातबाँब टाकून समोरची मशीनगन बंद पाडली. त्यात त्याला वीरमरण आलं. पुढे १९५२ मध्ये अशोकचक्र सुरू झालं, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्याचं नाव होतं. लोक पाणीमहाल आणि नर-मादी धबधबा बघून नळदुर्गाहून परततात. पंजाबातून येऊन आपल्या मुक्तीसाठी इथे मेलेल्या या माणसाचं नाव किती जणांना ठाऊक असतं?

नळदुर्गच्या लढाईनंतर साठ वर्षांनी हेच अशोकचक्र तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर मिळालं. साताऱ्याच्या केडंबे गावचे ओंबळे सैन्यातून पोलिसात आले होते. मुंबई हल्ल्यात, २६/११ च्या रात्री, गिरगाव चौपाटीवर त्यांच्या हातात फक्त लाठी होती. दोघेही तळातून वर आलेले, एक हवालदार आणि एक सहायक फौजदार.

ब्लॅक कॅटची जाहिरात निघत नाही

पंतप्रधानांभोवती दिसणारी एसपीजी १९८५ साली उभी राहिली आणि काळ्या वेशातली एनएसजी १९८४ साली. दोन्हींत थेट भरती नाही. सैन्य, केंद्रीय दलं आणि पोलिसांतून माणसं निवडून घेतात. मुंबई हल्ल्यानंतर उभ्या राहिलेल्या फोर्स वनमध्येही महाराष्ट्र पोलिसांतलेच जवान जातात. म्हणजे मोठ्या माणसांच्या सुरक्षेचा रस्ता आधी साध्या शिपायाच्या वर्दीतून जातो. 'एनएसजीची थेट भरती' अशी जाहिरात मोबाइलवर आली तर ती खोटी समजा.

विमानतळ, मेट्रो, ताजमहाल सांभाळणारं सीआयएसएफ १० मार्च १९६९ चं. तिथल्या शिपाईपदासाठी दहावी पुरते, आणि २०२४ पासून त्यासाठीची परीक्षा मराठीतूनही देता येते. आपल्या पोरांनी या दाराकडे जास्त बघायला हवं. पोलीस बॅण्डमध्येही दहावीवर घेतात. पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांना स्वतंत्र पर्याय मिळाला तो डिसेंबर २०२२ मधल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे.

चोपन्न सेकंद

ग्राउंड ५० गुणांचं आणि लेखी १०० गुणांची. ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एकाला ५४ सेकंद. अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. तरी बहुतेकांचा सगळा जीव सोळाशेत अडकलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे: पहाटे पळा, पण दुपारी समास आणि शेकडेवारी घेऊन बसा. २०२४ च्या भरतीत १७,४७१ जागांना १७ लाखांहून जास्त अर्ज होते, एका जागेमागे जवळपास शंभर.

आणि एक कळकळीचं सांगणं. गेल्या भरत्यांमध्ये अर्जाचं शुल्क खुल्या गटाला ४५० आणि राखीव गटाला ३५० रुपये होतं. त्याउपर 'सेटिंग लावतो' म्हणून कोणी एक रुपया जरी मागितला, तरी बापाला रान विकू देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक फिरवा.