कमरपट्ट्याची माशी

फुलासमोर हवेत एकाच जागी टांगल्यासारखी राहणारी, जेमतेम एक सेंटिमीटर लांबीची आणि नारिंगी-काळ्या पट्ट्यांची जी माशी पाहून गांधीलमाशीच्या धास्तीने हात मागे घेतला जातो, तिला नांगीच नसते. गांधीलमाशीला चार पंख असतात, तर हिला दोनच, आणि मागच्या जोडीच्या जागी उड्डाणाचा तोल सांभाळणाऱ्या, टाचणीच्या डोक्यासारख्या दोन गाठी, म्हणजेच संतुलक असतात. पट्ट्यांचे सोंग भक्षकाला फसवण्यापुरतेच. स्वीडिश कीटकतज्ज्ञ कार्ल डी गीअर यांनी १७७६ मध्ये या जातीचे वर्णन केले, आणि आजच्या 'एपिसिर्फस बाल्टिएटस' या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ 'कमरपट्टा ल्यालेली' असा आहे.

खरे तर पट्टा एक नसून दोन आहेत, आणि हीच ओळखीची सर्वांत भरवशाची खूण होय: पोटाच्या तिसऱ्या व चौथ्या खंडावर एका रुंद काळ्या पट्ट्याच्या जोडीला मिशीसारखी बारीक काळी रेघ असते, जी सिरफिड कुळातील इतर पट्टेरी माश्यांत सहसा आढळत नाही. नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना भिडतात, मादीचे वेगळे राहतात. पट्ट्यांची रुंदी मात्र आनुवंशिकतेइतकीच हवामानावरही ठरते. कोषावस्था थंडीत गेली तर काळा रंग पसरतो आणि उन्हाची ऊब अधिक शोषून घेतो, उष्णतेत गेली तर नारिंगी वरचढ ठरतो, त्यामुळे संग्रहालयातील टाचणीवरची माशी जणू आपल्या कोषाचे तापमान अंगावर मिरवत असते.

अळ्या मावा खातात, प्रौढ माश्या परागकण व मकरंद. म्हणूनच मोहरीच्या शेतात त्यांचे स्वागत होते.

या जातीचा प्रसार आयर्लंडपासून जपानपर्यंत, उत्तर आफ्रिकेत आणि भारतातही आहे. परंतु नकाशावर एकदा रंग भरून मोकळे होणे या माशीच्या बाबतीत दिशाभूल करणारे ठरते, कारण उत्तर युरोपातील तिचे राज्य बरेचसे ऋतुमानाचे असते. वसंतात दक्षिणेकडून आलेल्या माश्या तेथे अंडी घालतात आणि शरदात दक्षिणेकडे निघते ती बहुतांशी त्यांची पुढची पिढी, जिने ती वाट कधी पाहिलेलीच नसते. रडारच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ही आणि तिच्यासारखीच दुसरी एक जात मिळून दरवर्षी ४ अब्जांपर्यंत माश्या दक्षिण इंग्लंडच्या आकाशातून ये-जा करतात.

या प्रवासाचे सर्वांत मोहक दृश्य पिरेनीज पर्वतात, फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवरील २,२७३ मीटर उंचीच्या बुहारुएलो खिंडीत दिसते. पक्ष्यांचे अभ्यासक डेव्हिड लॅक आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी १९५० च्या ऑक्टोबरमध्ये येथे कीटकांचा लोंढा खिंड ओलांडताना पाहिला, आणि पक्षिशास्त्रज्ञांनी माश्यांकडे वळावे हा योगायोग कीटकशास्त्राच्या पथ्यावर पडला. सुमारे ७० वर्षांनी एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी चार शरद ऋतू तेथेच मोजणी केली, तेव्हा अवघ्या ३० मीटर रुंदीच्या त्या फटीतून वर्षाला १ कोटी ७० लाखांहून अधिक कीटक जात असल्याचा अंदाज निघाला. त्यांत बहुसंख्य होत्या माश्याच, आणि कमरपट्ट्याची ही माशीही त्या गर्दीत समोरच्या वाऱ्याशी झुंजत, जमिनीला जवळजवळ चिकटून खिंड ओलांडत होती.