जुनी गुणपत्रिका

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळी दहाच्या सुमारास माझी भाची घरी आली. हातात एक फाईल. चहा नको म्हणाली आणि समोर बसत म्हणाली, "मामा, तुम्ही आयुष्यभर कर्जाच्या केसेस पाहिल्यात. आज माझी एक केस बघा."

फाईलमध्ये तिची बारावीची गुणपत्रिका होती. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून ५४ टक्के. त्याखाली बी.एस्सी.ची गुणपत्रिका, द्वितीय श्रेणी. वय ३३. एका खासगी रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरवर दहा वर्षांची नोकरी. नवरा नोकरीत, मुलगा दुसरीत.

"आणि प्रस्ताव काय?" मी विचारलं.

"मला डॉक्टर व्हायचंय."

माझ्यातला बँकवाला आधी जागा झाला, हे कबूल केलं पाहिजे. "अगं, या वयात? आणि या मार्कांवर?" मी बोलून गेलो. ती काही बोलली नाही. फाईल बंद केली, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी केल्या आणि निघून गेली.

दिवसभर मला चैन पडेना. मी पहिली कादंबरी लिहिली ती वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, शाखा सांभाळून, पहाटे उठून. दहावीला मराठीत किती गुण होते, हे मला एकाही प्रकाशकाने विचारलं नाही. विचारलं असतं तर पंचाईत झाली असती! जी सवलत मला मिळाली, ती मी भाचीला दोन वाक्यांत नाकारली होती. संध्याकाळी तिला फोन केला आणि म्हटलं, "फाईल घेऊन परत ये. केस नीट वाचू."

मग आम्ही नियम वाचायला बसलो आणि पहिला धक्का मलाच बसला. आमच्या वेळी बारावीच्या गुणांवर सगळं ठरायचं. एकदा हुकलं की हुकलंच. आज वैद्यकीय प्रवेशाचा क्रम नीट परीक्षेतल्या गुणांवर लागतो. बारावीचे गुण लागतात ते केवळ उंबरठा ओलांडण्यापुरते : तीन शास्त्र विषयांत मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के, राखीव वर्गांना ४०. पदवीला कोणती श्रेणी होती, याला गुणवत्ता यादीत स्थान नाही. म्हणजे जी गुणपत्रिका तिने पंधरा वर्षं कपाटाच्या तळाशी लपवली होती, ती पुरेशी होती.

दुसरी अडचण वयाची. खुल्या वर्गाला २५ आणि राखीव वर्गांना ३० वर्षं अशी मर्यादा होती. प्रकरण न्यायालयात गेलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या वयाच्या उमेदवारांना तात्पुरती परवानगी दिली आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही मर्यादा काढून टाकण्याचा निर्णय घेतला. बारावीला जीवशास्त्र नसलेल्यांनाही २०२३ पासून तो विषय नंतर देऊन पात्र होण्याची वाट मोकळी झाली आहे. ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने २०२० मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी नीट उत्तीर्ण होऊन बुर्ल्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेव्हा वर्तमानपत्रांत ही बातमी वाचून मी हसलो होतो. आता हसू आलं नाही.

पण दार उघडं आहे याचा अर्थ आत जागा आहे असा नाही. परीक्षेला दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुलं बसतात. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या साधारण निम्म्या सरकारी. नीटमध्ये 'पात्र' ठरणं वेगळं आणि प्रवेश मिळणं वेगळं. पात्र ठरलेल्यांतले पुष्कळ जण शेवटी बाहेरच राहतात. खासगी महाविद्यालयाची फी मध्यमवर्गीय घराला झेपत नाही. परदेशी जायचं म्हटलं तरी आधी नीट उत्तीर्ण व्हावंच लागतं आणि परत आल्यावर आणखी एक परीक्षा असते. तिच्यात निम्म्याहून कितीतरी जास्त उमेदवार नापास होतात. कमी गुणांच्या मुलांच्या पालकांना एजंट हे सांगत नाहीत.

मग मी कागद घेतला आणि सवयीने हिशेब मांडला. तयारीची दोन वर्षं, म्हणजे वय ३५. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे चाळिशी पार. सरकारी महाविद्यालय मिळालं तर त्यापुढे एक वर्ष बंधपत्राची सेवा. पदव्युत्तर शिक्षण हवं असेल तर आणखी तीन वर्षं. एवढा काळ तिचा पगार नाही. शैक्षणिक कर्ज मिळेल, पण साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका बहुतेक वेळा तारण मागतात. आणि तारण म्हणजे राहतं घर!

"एवढं कशासाठी?" मी विचारलं. "रुग्णालय व्यवस्थापनाचा कोर्स कर, दोन वर्षांत बढती मिळेल."

ती म्हणाली, "मामा, रात्री-अपरात्री नातेवाईक काउंटरवर येतात. हातात रिपोर्ट असतो. 'ताई, हे काय झालंय?' असं विचारतात. दहा वर्षं मी त्यांना फक्त आकडा सांगतेय."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा आमटे आठवले. वकिली सोडलेला हा माणूस वैद्यकाची पदवी नसताना कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यास करायला गेला होता. ती बाबा आमटे नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. पण प्रश्न पडला की शिकायला जावं लागतं, एवढं तरी खरं.

नोकरी सोडायची नाही, असं ठरलं. पहाटे साडेचार ते साडेसहा आणि रात्री मुलगा झोपल्यावर दीड तास. महागड्या क्लासऐवजी आधी अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं. परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. तिथे तिला आशा होती. भौतिकशास्त्राने मात्र रडवलं. बारावीला जे कळलं नव्हतं ते पंधरा वर्षांनी आपोआप कळत नाही. तिने दहावीच्या गणितापासून सुरुवात केली. चुकलेलं प्रत्येक उदाहरण एका वेगळ्या वहीत उतरवलं आणि पुढे का चुकलं ते लिहिलं. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. माहीत नसलेलं सोडून द्यायलाही शिकावं लागतं.

पहिल्या प्रयत्नात ती पात्र ठरली, प्रवेश मिळाला नाही. घरात दोन दिवस कोणी फारसं बोललं नाही. नवऱ्याने तिसऱ्या दिवशी पहाटेचा गजर पुन्हा लावला.

प्रयत्न किती वेळा करावेत, यावर कायद्याने बंधन नाही. मी तिला म्हटलं, बंधन आपणच घालायचं. आणखी एक प्रयत्न, फार तर दोन. त्यानंतर थांबायचं आणि थांबल्याची लाज बाळगायची नाही. कुटुंबाची सहनशक्तीही एक प्रकारचं तारणच असते. ती किती गहाण टाकायची, हे सगळ्यांनी मिळून आधी ठरवावं.

या वाटेवर निघालेले आणखी कितीतरी जण असतील. कुणी औषधाच्या दुकानात, कुणी प्रयोगशाळेत, कुणी बँकेतसुद्धा. त्यांच्या घरच्यांना माझं एवढंच सांगणं आहे. "या वयात? या मार्कांवर?" हे दोन प्रश्न विचारू नका असं नाही. विचारा, पण विचारल्यावर उत्तर ऐकायला बसा. मी पहिल्या दिवशी बसलो नव्हतो.

आता दर रविवारी सकाळी तिचा मुलगा आमच्याकडे असतो. आई सराव परीक्षा देते, आम्ही दोघं कॅरम खेळतो. परवा त्याने विचारलं, "आजोबा, आई पास होणार का?"

"माहीत नाही रे," मी म्हटलं. "तुझा स्ट्रायकर आहे. खेळ."