चिमटीत धरलेला रक्तप्रवाह

यकृताचं वजन जेमतेम दीड किलो, पण दर मिनिटाला त्यातून साधारण दीड लिटर रक्त वाहतं. अपघातात ते खोलवर फाटलं, तर पोट उघडल्यावर सर्जनला जखम शोधावी लागते, इतकं रक्त साचलेलं असतं.

पहिला उपाय हातांचा. दोन्ही तळव्यांत यकृत दाबून धरायचं. तरीही रक्त थांबेना, तर यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचा जुडगा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पकडायचा. ग्लासगोचे सर्जन जेम्स हॉगार्थ प्रिंगल यांनी १९०८ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. किती साधी, आणि किती मोलाची! चिमटीनंतरही रक्त येतच राहिलं, तर मात्र काळजी वाढते. इजा बहुधा यकृतामागच्या मोठ्या शिरांना झालेली असते, आणि तिथे हात पोचणंच अवघड.

अशा वेळी दुरुस्ती करत बसणं जिवावर बेतू शकतं. रुग्ण थंड पडत जातो, रक्तातलं आम्ल वाढतं, रक्त गोठेनासं होतं. म्हणून यकृताभोवती कापडी मॉप घट्ट बसवतात, पोट तात्पुरतं झाकतात आणि रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवतात. तो सावरला, की साधारण २४ ते ७२ तासांत पुन्हा ऑपरेशन करून मॉप मोजून बाहेर काढले जातात.